वास कुणाचा?

मी जात्याच संशयी. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं वाचताना कुणी म्हणेल, बाई बरी होती, दुखण्यानं अशी झाली. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. मी तोंड पोळायच्या आधीपासून फुंकतेय. भाजीवाल्यानं तराजू उचलला की माझं लक्ष भाजीकडं नसतं, त्याच्या करंगळीकडं असतं.

लग्न होऊन दौंड तालुक्यातल्या राहूला आले आणि हा स्वभाव कामाला आला. गावात बायकांची डेअरी निघाली, तेव्हा दूध घ्यायला मला बसवलं. फॅट आणि पाणी पकडणारी डिग्री नंतर, आधी नाक. किटलीचं झाकण उचलायचं, उलटं करून नाकाशी धरायचं, खाली वाकून किटलीचा वास घ्यायचा आणि ठरवायचं, घ्यायचं की परत पाठवायचं. रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलं असेल, भांडं नीट विसळलं नसेल, म्हशीनं कांद्याची पात खाल्ली असेल, सगळं कळायचं. "आली नाकानं कांदे सोलणारी," असं बायका पाठीमागं म्हणायच्या, पण मी परत पाठवलेल्या दुधावर कुणाचा वाद टिकला नव्हता.

नाकाच्या दुखण्यावर कुणी लिहीत नाही. हृदयाचं दुखणं सांगायला लागलं की लोक मांडी घालून बसतात, नाकाचं म्हटलं की हसतात. पण ज्याला इतरांना न येणारा वास येतो आणि घरचे ज्याला वहमी म्हणतात, असा माणूस कुठंतरी असणारच. त्याच्यासाठी हे लिहितेय.

घरात काहीतरी मेलंय

थंडी पडायला लागली होती. माठातून पाणी घ्यायला वाकले आणि वास आला. कुजका, जरा गोडसर, उंदीर मेल्यावर येतो तसा. मी माठ ओतून टाकला. मांडणी ओढली, धान्याच्या कोठ्या हलवल्या, कोपऱ्यातल्या गोधड्या अंगणात टाकल्या. उंदीर काही सापडला नाही.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्या दारात उभ्या राहून माझा पसारा बघत होत्या.

"काय हरवलंय?"

"वास येतोय, आत्या. काहीतरी मेलंय."

त्यांनी नाक वर करून चार ठिकाणी हुंगलं. "कुठं? मला तर न्हाई येत."

मला वाटलं, म्हातारीचं नाक गेलं.

मग मी एकेकाला धरलं. आमचे हे रांजणगावच्या कंपनीत जायचे, तिथल्या रंगाच्या खात्यात. त्यांचे कपडे मी दाराबाहेर काढायला लावले. शेजारच्या गटारीवरून शेजारणीशी भांडले. एकदा आत्यांनी वांग्याचं कालवण केलं होतं. ताटावर वाकले आणि तोच वास. मी ताट बाजूला सारलं.

"माझ्या हातचं नासकं लागतंय व्हय तुला?" आत्या म्हणाल्या.

"चांगलं हाय की," हे म्हणाले आणि माझ्याही ताटातलं जेवले.

माय-लेकानं संगनमत केलंय, असं मला खरंच वाटलं. आत्या पुढं बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि न बोलण्याचंही कारण मी मनात भलतंच लावलं.

घरातलं घरात राहिलं असतं, पण डेअरीतही तेच सुरू झालं. मुसलमान आळीतल्या मुमताजभाभी डेअरी निघाल्यापासून दूध घालायच्या. त्यांची किटली आरशासारखी असायची. त्या दिवशी मी झाकण नाकाशी धरलं, वाकले आणि झटक्यात मागं सरकले.

"भाभी, आज ऱ्हाऊ द्या. वास हाय."

भाभींनी झाकण माझ्या हातातून घेतलं, स्वतः हुंगलं. "शालन, आत्ता धार काढून आणलंय. किटलीला हात लाव, आजून कोमट हाय."

मी हात लावला. कोमट होती. तरी मी दूध परत पाठवलं, कारण नाक खोटं बोलेल हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींचं परत गेलं. मग रांगेत कुजबुज सुरू झाली. चेअरमनबाई घरी येऊन गोड आवाजात म्हणाल्या, "शालन, जरा आराम कर. तवर दुसरं कुणी बसंल." गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो, आणि त्या वेळी तो बरोबर होता.

एखादी बाई वाद घालायला लागली की मी तिच्यासमोर दुसरी, रिकामी, कढत पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलेली किटली धरायची. म्हणायची, हिला वास नाही, तुझ्या किटलीला आहे, आता बोल. तीच परीक्षा मी घरी एकटीनं घेतली. धुतलेल्या किटलीवर वाकले. वास. पितळी तांब्यावर वाकले. वास. शेवटी हात साबणानं धुऊन तळव्यावर वाकले. तोच वास. म्हणजे एकतर सगळं राहू गाव नासलं होतं, नाहीतर मी. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याच दिवसांत चूल पेटेना. फुंकणी तोंडाला लावून कितीही फुंकलं तरी जोरच येईना. मला वाटलं, फुंकणीला चीर गेली असेल. नवी आणली, तीही तशीच.

"फुकनी बदलून काय हुतंय?" आत्यांनी तेवढ्यापुरतं मौन सोडलं. "फुकणारी बदला."

चहा पिताना कधीमधी नाकात थेंब यायचा. तो मी ठसक्याच्या नावावर घातला. साऱ्या गावावर संशय घेत होते, स्वतःच्या तोंडावर मात्र घेतला नाही.

मेंढराचं दुखणं

आमच्या घरी आता ऊस आणि म्हशी आहेत, पण सासरे, म्हणजे आबा, तरुणपणी मेंढरं राखत फिरले. मेंढरं विकून जमाना झाला, आबांच्या बोलण्यातून ती अजून गेलेली नाहीत. ते ओट्यावर बसून कितीतरी दिवस माझ्याकडं बघत होते. एकदा मला समोर बसवलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

"शेंबूड एकाच नाकपुडीतनं येतो?"

"व्हय."

"डाव्या?"

"व्हय, आबा."

"खाली वाकलं की गालाड जड हुतं?"

"हुतं."

आबांनी हनुवटी सोडली. "किडं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. एक माशी असते, ती मेंढराच्या नाकात अळ्या सोडून जाते. अळ्या वर चढतात. मेंढरू शिंकतं, मान झटकतं, नाक मातीत खुपसून चालतं. "शिंगाच्या बुडाला पोकळी असती, वारं फिरायला. तिथं बसत्यात. माणसाला शिंगं न्हाईत, मंग ती पोकळी गालाडात असणार. सरळ हाय."

मला ते सरळ वाटलं, हीच अडचण झाली. गावच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी आठवडाभर वास कमी व्हायचा आणि पुन्हा यायचा, त्याचं कारण त्यांना सांगता येत नव्हतं. आबांना येत होतं. त्यांनी डबी उघडली आणि चिमूटभर तपकीर माझ्या डाव्या नाकपुडीत भरली. मी अशा काही शिंकले की डोळ्यांपुढं काजवे चमकले. जे पडलं ते त्यांनी राखेवर घेतलं आणि काडीनं उलटसुलट करून बारकाईनं पाहिलं. पिवळंहिरवं होतं. वास घराबाहेर गेला असेल, पण आबांचं नाक तपकिरीनं केव्हाच मेलेलं.

"न्हाईत दिसत," ते म्हणाले. "वरच्या अंगाला असत्याल."

त्यानंतर मला अळ्या जाणवायला लागल्या. गालाच्या आत काही ठुसठुसलं की अळी सरकली. मुंग्या आल्या की अंडी फुटली. मी आरसा उन्हात धरून नाकपुडीत बघत बसायची. जेवण तुटलं. आत्यांना वाटलं, बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषाकडं न्यावं. यांना कंपनीत कुणीतरी वेगळंच सांगितलं होतं.

"तुला डॉक्टरला दाखवू," हे म्हणाले.

"कसल्या? नाकाच्या का डोक्याच्या?"

यांनी ताटात बघितलं. "आधी नाकाच्या."

त्या 'आधी'चा राग माझ्या मनात अजून थोडा आहे. घरातल्या माणसाला आपलं नाक खोटं वाटतंय हे एक वेळ सोसलं असतं. त्याला आपलं डोकंच खोटं वाटतंय हे कळल्यावर मी गोठ्यात जाऊन रडले.

काळं म्हणजे बरं

दौंडला चेहऱ्याचा एक्स-रे काढला. काढणारा म्हणाला, दागिने काढा. नाकातली चमकी काही निघेना, तिचा फिरकीचा दांडा घट्ट बसलेला. तो वैतागून म्हणाला, "असू द्या." फोटोचं पाकीट घेऊन आम्ही शिरूरला गेलो. तिथं पुण्याहून एक कान-नाक-घशाचे डॉक्टर यायचे, यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकाचा भाऊ त्यांच्याकडं बरा झाला होता. पारगावचा पूल ओलांडून न्हावऱ्यामार्गे जाताना सगळ्या रस्त्यानं मी यांच्या पाठीमागं मोटरसायकलवर बसून विचार करत होते, की हा भाऊ खरा असेल का.

डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.

"ह्यो माझाच कशावरनं?" मी विचारलं.

यांनी मला कोपरानं ढोसलं. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी फोटोतल्या एका पांढऱ्या ठिपक्यावर पेन टेकवलं. "ही तुमची चमकी."

मी नाकाला हात लावला. मग पुढचं ऐकायला तयार झाले.

"हा उजवा गाल. आत काळं दिसतंय ना? ती हवा. डाव्या गालात बघा, सगळं पांढरं. तिथं हवाच नाही."

"म्हंजी काळं बरं आन् पांढरं वाईट?"

"फोटोत तसंच."

हे मला लगेच पटलं. पांढरं दिसतंय म्हणून भरवसा ठेवू नये, हे डेअरीत बसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. मी मनातला खरा प्रश्न विचारला. "किडं हायेत का?"

"नाहीत."

"मेंढराला असत्यात."

"मेंढराला असतात. तुम्हाला नाहीत." मग त्यांनी कागदावर नाक काढलं. "आपण श्वास घेतो तो छातीत जातो. पण वाटेत हाडात पोकळ्या आहेत, भिंतीतल्या कोनाड्यांसारख्या. येता-जाता थोडी हवा आत शिरते, थोडी बाहेर येते. दार एवढंसं, ज्वारीच्या दाण्याएवढं. ते सुजून बंद झालं की आतली हवा शरीर हळूहळू शोषून घेतं, मग आत ओढ बसते, गाल ठणकतो. आणि आतलं साचतं."

"दार खाली असंल ना? खाली वाहून जाईल."

"गालातल्या पोकळीचं दार वर आहे, छताजवळ."

मी यांच्याकडं बघितलं. टाकीला वरच्या अंगाला नळ बसवणाऱ्या गवंड्याला आमच्या गावात कुणी दुसऱ्यांदा बोलावलं नसतं.

"बारीक केस असतात आत," डॉक्टर म्हणाले. "ओलावा वर ढकलत दारापर्यंत नेतात. सुजलं की त्यांचं चालत नाही. मग तुम्ही वाकलात की साचलेलं दाराशी येतं. वास कधी येतो? वाकल्यावरच ना?"

माठ, ताट, किटली, तळवा. प्रत्येक वेळी मी वाकले होते. धारेचं कोमट दूध झाकण गच्च लावून ठेवलं तर कसं घुसमटून वास मारतं, ते मला माहीत होतं. माझ्या गालात तेच झालं होतं.

"डावीकडची वरची दाढ कधी काढली?" त्यांनी विचारलं.

मी दचकले. हे डॉक्टरांना कुणी सांगितलं? दाढ मी उन्हाळ्यात काढून घेतली होती, आठवडे बाजारात बसणाऱ्या दातवाल्याकडून. फारच वेळ खटपट केली होती त्यानं, पण निघाली म्हणून मी विसरूनही गेले होते.

"दोन बोटांनी नाक दाबून धरा. तोंड उघडं ठेवा. आता नाकातून जोरात सोडा हवा."

नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण मी आजवर दुसऱ्यांसाठी वापरली होती. मी नाक दाबलं, जोर केला, आणि दाढेच्या जागेतून सुर्रकन वारा आला. त्याच्याबरोबर तो वास. डॉक्टरांनी आरसा धरला. हिरडीत एक बारीक भोक होतं आणि त्यातून बुडबुडे येत होते. दाढेचं मूळ त्या पोकळीच्या तळाशी भिडलेलं होतं. दाढ ओढताना पोकळीचा तळ फाटला. सुजलेलं दार जोर आला की किलकिलं व्हायचं, त्यामुळं माझ्या तोंडातून गालाच्या पोकळीत, पोकळीतून नाकात, असा रस्ता झाला होता. फुंकणीत फुंकलेला वारा त्या रस्त्यानं निघून जायचा. चहाचा थेंबही तसाच जायचा. तोंडातलं सगळं वर जाऊन आत नासत होतं.

"आणखी एकदा कर," हे म्हणाले. मी केलं. हे आरशावर वाकले होते. तो आवाज त्यांनी ऐकला, वासानं तोंडही फिरवलं.

"खरंच हाय की गं," ते हळूच म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "वास खरा आहे. तो यांच्या आत आहे, म्हणून तुम्हाला येत नव्हता."

मी तिथंच ढसाढसा रडले. गालात भोक पडलंय हे ऐकून इतका आनंद झालेली बाई त्या डॉक्टरांनी पाहिली नसेल.

घरी आल्यावर यांनी आत्यांना थोडक्यात सांगितलं, "तोंडातली हवा हिच्या डोक्यात जातीया म्हणं."

"मी कवाची सांगतीया," आत्या म्हणाल्या, "हिच्या डोक्यात हवा गेलीया."

सगळे हसले. मीही हसले, आणि किती दिवसांनी हसतेय हे गाल दुखल्यावर कळलं. आबांनी तेवढंच विचारलं, "पोकळी हाय म्हणला ना? मंग झालं. किडं नीट बघितलं नसंल त्यानं."

फुंकू नका, ओढू नका

ऑपरेशन शिरूरलाच झालं. पोकळी धुवायची आणि गालाची आतली कातडी ओढून भोक शिवायचं. आदल्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, "नाक पहिल्यासारखं हुईल? वास येईल?"

"यायला हवा," ते म्हणाले.

येईल म्हणाले नाहीत. यायला हवा म्हणाले. मी त्या दोन शब्दांवर विचार करतच आत गेले.

शुद्धीवर आले तेव्हा नाकात कापडाची वात ठासलेली आणि तोंडात टाके. तोंडानं श्वास घेऊन जिभेचं लाकूड झालेलं. नियम एवढेच, फुंकायचं नाही, ओढायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं टाकून शिंकायचं. मी प्रत्येक सुईचं नाव विचारत होते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुम्ही पोलिसात आहात का?" शेजारच्या खाटेवरची बाई चांगली होती, तरी माझा डबा मी उशाखाली ठेवायची.

आत्या सोबतीला राहिल्या. पहिल्या दिवशी तांदळाची पेज आणली. मी वाटीकडं बघत बसले. वास येत नाही, चव कळत नाही, मग घशाखाली काय चाललंय कुणाला माहीत? आत्यांना ते कळलं. त्यांनी चमचाभर पेज स्वतःच्या तळहातावर ओतली, पिऊन टाकली आणि तोंड उघडून मला दाखवलं.

"बघ. जित्ती हाय." मग वाटी माझ्या हातात दिली. पुढं रोज त्यांनी तसंच केलं, मी न सांगता. या बाईच्या ताटावरून मी तोंड फिरवलं होतं. मला फार लाज वाटली, आणि चव कळत नव्हती तरी पेज फार गोड लागली.

वात काढताना ती संपता संपेना, जादूगाराच्या रुमालासारखी. शेवटचं टोक निघालं आणि डाव्या नाकपुडीतून गार वारा थेट गालापर्यंत गेल्यासारखा वाटला. पण वास काहीच नाही. फिनेलचाही नाही. डॉक्टर म्हणाले, सूज आहे. घरी आले तरी काही नाही. आधी सगळ्या जगाला घाण येत होती, आता कशालाच काही येईना, आणि हे जास्त वाईट होतं. दूध उतू गेलेलं मला पाहिल्याशिवाय कळायचं नाही. रॉकेलची बाटली आणि पाण्याची बाटली यांत फरक करता येत नव्हता. संशयी माणसाकडून नाक काढून घेतलं, म्हणजे त्याला उघड्या रानात डोळे बांधून सोडल्यासारखं आहे.

एका दुपारी ओट्यावर ज्वारी निवडत होते. मध्येच डोकं वर केलं.

"आबा, ती डबी झाका."

"का?"

"तपकिरीचा वास येतोय."

आबांनी डबीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं आत हाक मारली, "अगं ए, हिला वास आला!" आत्या पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

झाकण

डेअरीत जायला मला भीती वाटत होती. माझ्या जागी बसवलेल्या बाईला फॅट काढता यायची, पण दोनदा नासकं दूध टँकरपर्यंत गेलं होतं, म्हणून चेअरमनबाईंनी पुन्हा बोलावलं. या खेपेला त्यांचा आवाज गोड नव्हता. मला बरं वाटलं.

सकाळची रांग लागली होती. बायका तोंडावर पदर धरून उभ्या. सगळ्यांत पुढं मुमताजभाभी. त्यांनी किटली ठेवली आणि झाकण स्वतःच उचलून माझ्या नाकाशी आणलं.

मी वास घेतला. वाकले, पुन्हा घेतला. आंबूस होता.

 पहिल्याच दिवशी, पहिलीच किटली, आणि तीही भाभींची. वास आहे म्हटलं तर अख्खी रांग म्हणणार, हिचं अजून गेलं नाही. नाही म्हटलं तर माझं नाक कायमचं मेलं. मी हात धुतले आणि तळव्यावर वाकले. काही नाही. तांब्यावर वाकले. काही नाही. पुन्हा किटली. आंबूस.

"भाभी," मी म्हणाले, "परत न्या. रातचं मिसळलंय."

रांगेत कुणीतरी "झालं सुरू" म्हणालं.

भाभींनी झाकण घेतलं. सावकाश हुंगलं. मग मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "व्हय. नासलंय. शालनचं नाक आलं बघा." आणि किटली उचलून निघून गेल्या.

भाभींचं घर मोठं, पोरांचं. त्यांच्याकडं रात्रीचं दूध सकाळपर्यंत कधी उरत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी ते कसं उरलं, की कुणी मुद्दाम उरवलं, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. पण मला दाट संशय आहे.